घाटासाठी जुनी बाईक: कोल्हापूरकरांनी ती कशी निवडावी आणि पावसाळ्यात कशी टिकवावी

कोल्हापूरच्या पश्चिमेला गाडी काढली की तास-दीड तासात सह्याद्रीची धार लागते. गगनबावड्याहून खाली करूळ आणि भुईबावडा, बाजारभोगाववरून अणुस्कुरा, मलकापूरच्या पुढे आंबा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आजऱ्याकडून आंबोली. एवढे घाट दाराशी असल्यावर डोंगरात चालणारी बाईक हवीशी वाटणारच. नवी घ्यायची तर बजेट वाढतं, म्हणून बहुतेक जण जुनीकडे वळतात. त्यात वाईट काही नाही. फक्त शहरातली जुनी गाडी तपासतात तशी घाटातली तपासून चालत नाही.

अशा गाडीला किलोमीटरपेक्षा पाणी आणि लाल चिखल जास्त खातो. शाहूपुरीतून शिरोली एमआयडीसीला रोज ये-जा करणारी ४० हजार किलोमीटरची गाडी आतून ठणठणीत निघू शकते, आणि दर रविवारी ओढ्यातून घातलेली, न धुता शेडमध्ये लावलेली १२ हजारांची गाडी खिसा रिकामा करू शकते. म्हणून पुढच्या सगळ्या तपासणीत एकच गोष्ट शोधायची आहे: पाणी कुठे शिरलं, किती दिवस राहिलं आणि नंतर कुणी ते काढलं का.

आधी स्वतःला विचारा, डांबर की पठार?

तुमचं फिरणं पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, गणपतीपुळे एवढंच असेल, म्हणजे चाक डांबर सोडणारच नसेल, तर २१ इंची पुढच्या चाकाच्या उंच गाडीची गरज नाही. नीट ठेवलेली १५० सीसीची साधी गाडी हे सगळं आरामात करते, ॲव्हरेज देते आणि तिचे पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण निम्म्या लोकांसाठी हाच योग्य सल्ला आहे.

मसाई पठारासारखी जांभ्याची वाट, धनगरवाड्यांचे कच्चे रस्ते, पावसाने उखडलेले घाट हे नेहमीचं असेल तर मात्र चाकाला वर-खाली व्हायला भरपूर वाव देणारं सस्पेन्शन आणि जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, लागतो. जुन्या बाजारात त्यासाठी मुख्यतः दोन गाड्या दिसतात. हिरो एक्सपल्स २०० मे २०१९ मध्ये आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचं चार व्हॉल्व्हचं मॉडेल आलं. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ही २०१६ ते २०२३ या काळातली. सुरुवातीला कार्बोरेटर, २०१७ पासून फ्युएल इंजेक्शन, २०१८ मध्ये एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण मानक. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी. फरक वजनाचा आहे. एक्सपल्स १५५ किलोच्या आसपास, हिमालयन २०० च्या जवळ. हा ४५ किलोंचा फरक हायवेवर हिमालयनच्या बाजूने जातो; गाडी दमदार, स्थिर चालते. पठारावर चिखलात आडवी झाल्यावर एकट्याने उचलताना तोच फरक तुमच्या कमरेवर येतो. घेण्याआधी मालकाच्या परवानगीने गाडी गवतावर हलकेच आडवी करून स्वतः उभी करून बघा. जमत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

सीटची उंचीही नुसती सपाट जमिनीवर बघू नका. एक्सपल्सची सीट ८२३ मिमी आहे, हिमालयनची ८००. घाटात गाडी थांबते ती उतारावर, आणि दरीकडच्या बाजूला पाय टेकायला जमीन दोन-तीन इंच खाली असते. उतारावर बसून दोन्ही बाजूंना पाय टेकवून बघा.

२०११ मध्ये आलेली हिरो इम्पल्स अजूनही कुठेतरी विकायला दिसते आणि हौशी माणूस लगेच पाघळतो. तिच्या १५० सीसी इंजिनाचं काम मिस्त्री करून देईल. टाकी, प्लास्टिक आणि शॉकअप फुटले तर मात्र शोधत फिरावं लागतं. केटीएमच्या ॲडव्हेंचर गाड्या जोरदार आहेत, पण पडल्यावरचा खर्चही तसाच जोरदार असतो. आणि यामाहाच्या आरएक्स १०० चा मोह कोल्हापुरात कुणाला चुकलाय! ती घ्या, रविवारी रंकाळ्यावर फिरवा, जपा. घाटासाठी नको. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनानेच गाडी धरणं, नाममात्र असतं, ब्रेक ड्रमचे, आणि करूळसारखा लांब उतार उतरताना ते तापून हलके पडतात.

कधी आणि कुठे शोधायची

दसरा-दिवाळी आणि गुढीपाडवा, या दोन वेळी लोक नवी गाडी काढतात आणि जुनी बाजारात येते. यातला दसऱ्याचा हंगाम मला जास्त पटतो, कारण गाडी नुकतीच पावसाळ्यातून निघालेली असते. गळकं सील, गंजलेले स्पोक, कुरकुरणारं बेअरिंग हे सगळं ऑक्टोबरमध्ये उघडं पडलेलं असतं. मे महिन्यात तीच गाडी सुकलेली, पॉलिश मारलेली आणि निष्पाप दिसते.

शक्यतो थेट मालकाकडून घ्या. एजंटकडे पर्याय जास्त मिळतात, पण गाडी कुणी आणि कशी चालवली हे सांगणारं तिथे कुणी नसतं. मालकाशी दहा मिनिटं बोललात तरी खूप कळतं. "एकहाती हाय, घाटात कधी न्हेलीच न्हाई" असं तो म्हणाला आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर, म्हणजे सम्प गार्डवर, दगडाचे ओरखडे असले, तर बाकीच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा. "दर पावसाळ्यात आंबोली करतो, त्याआधी बेअरिंगना ग्रीस भरतो" असं सांगणाऱ्याची गाडी घाटात गेलेली असली तरी मी आधी तीच बघेन.

पुरातली गाडी ओळखणं

ही पायरी आपल्या जिल्ह्यात सगळ्यात महत्त्वाची आहे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं, शहरातल्या नदीकाठच्या गल्ल्या, शेजारचं सांगली शहर, सगळीकडे गाड्या पाण्यात राहिल्या. त्यात मालकांचा काही दोष नाही, आणि पुरातली प्रत्येक गाडी वाईटही नसते. लगेच उघडून, वायरिंग सुकवून, बेअरिंग बदलून घेतलेली गाडी अनेक वर्षं चालते. पण ते किमतीत दिसलं पाहिजे आणि तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

पुराचा गाळ धुऊन जातो तो फक्त बाहेरून. टॉर्च घेऊन पुढच्या जागा बघा: हेडलाइटच्या मागची पोकळी, सीटखाली बॅटरीच्या पेटीचे कोपरे, टाकी आणि चासीमधली फट, साइड पॅनेलच्या आतली बाजू. करड्या, पिठासारख्या बारीक मातीचा थर एका ठरावीक उंचीपर्यंत सारखा दिसला तर ती पुराची रेघ. घाटातला लाल चिखल तसा बसत नाही. तो उडालेला, ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि बहुतेक मागच्या चाकाच्या रेषेत मिळतो. वायरिंगचे एक-दोन कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) मालकाला विचारून उघडा. पितळी पिनांवर हिरवट पावडर असेल तर पाणी बराच काळ आत होतं. मीटरच्या काचेत आतून धुकं, सीटच्या फोमला कुबट वास, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगवर वेटोळ्यांच्या मधे गंज, या खुणा एकट्या-दुकट्या असतील तर सोडून द्या. तीन-चार एकत्र दिसल्या तर मालकाला सरळ विचारा.

अजून एक जागा आहे, जिथे फारसं कुणी बघत नाही: विम्याची जुनी पॉलिसी. फुल इन्शुरन्स असेल तर क्लेम न केलेल्या वर्षांसाठी नो क्लेम बोनस वाढत जातो, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. एकाच मालकाच्या २०१७ च्या गाडीचा बोनस २०१९ किंवा २०२१ च्या नंतरच्या पॉलिसीत एकदम शून्यावर आलेला दिसला, तर त्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर ही खूण मिळणार नाही.

इंजिन: थंड असतानाच

निघण्याआधी मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तो काहीतरी झाकतोय, किंवा निदान त्याने तुमचं ऐकलेलं नाही.

ऑइल लेव्हलच्या काचेतून तेल बघा. काळं असेल तर चालेल. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथे थांबा. मग स्टार्ट करून सायलेन्सरच्या मागे उभं राहा. थंडीत दोन मिनिटं पांढरी वाफ येते, ती नैसर्गिक आहे. निळसर धूर येऊन जळक्या तेलाचा वास आला तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघणार. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा देताना धुराचा निळा झोत आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जास्त.

आवाजात दोन गोष्टी ओळखायला शिका. टॅपेटची टिकटिक बारीक आणि तालात असते; ते सेटिंगने जाते आणि स्वस्तातलं काम आहे. टायमिंग चेनचा आवाज खरखरीत, साखळी ओढल्यासारखा, थंडीत जास्त येतो आणि गरम झाल्यावरही राहिला तर टेन्शनर किंवा चेन बदलायची वेळ झालीय. हा खर्च मोठा आहे. घासाघीस इथे करायची.

एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा. फिल्टरला लाल माती असेल तर काळजी नाही, ती तिथेच अडायला हवी. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आत बोट फिरवून माती लागली, तर ती पिस्टनपर्यंत गेलीय. अशी गाडी चांगली चालत असली तरी मी घेणार नाही.

चासी, चाकं, शॉकअप

गाडी खालून बघायला जमिनीवर आडवं पडायची तयारी ठेवा. जुनं पोतं न्या. सम्प गार्डवर ओरखडे असणं म्हणजे त्याने त्याचं काम केलं. गार्ड आत दाबला जाऊन इंजिनाच्या तळाला टेकला असेल तर ड्रेन बोल्टच्या आसपास तडा किंवा तेलाचा ओलावा शोधा. हँडलखाली जिथे चासीचे पाइप एकत्र येतात तिथले वेल्डिंग, आणि मागचा मोनोशॉक जिथे बसतो तिथले, टॉर्चने नीट बघा. रंगाची केसाएवढी रेघ आणि तिच्यातून डोकावणारा गंज म्हणजे तडा. उद्यमनगरात वेल्डिंग करून देणारे उत्तम कारागीर आहेत, पण तडा गेलेली चासी जोडून घाटात नेणं हा धोका आहे. किंमत कितीही पडली तरी नको.

पुढचं चाक वर उचलून (सम्प गार्डखाली लाकडी ओंडका पुरतो) हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. मग शॉकअप खालून धरून मागे-पुढे ओढा. टकटक जाणवली तरी अर्थ तोच. शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाचा पातळ थर असेल तर सील गळतंय. सील बदलून काम भागतं, पण नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील काही महिन्यांत फाटतं. नखाने चाचपून बघा.

मागचं चाक उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवा. खेळ असेल तर हब बेअरिंग किंवा स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, दोन्हींवर पाण्याचा राग असतो. स्पोकवर पान्याने हलकेच टोला देत फिरा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, सैल बद्द वाजतो. सहा-सात सैल असतील आणि रिम फिरवताना डुलत असेल तर रिम सरळ करून घ्यावी लागेल. त्याचे कसबी लोक आपल्याकडे आहेत, फक्त तो खर्च हिशोबात धरा.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बिंदूला पकडून मागे ओढा. दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेन किट संपलं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला उंचवटा तयार झाला असेल तर व्हर्नियरने मोजा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी सहा वर्षांचं कडक रबर ओल्या घाटात धरत नाही.

चालवून बघायची ती वाघबीळला

गल्लीतली फेरी निरुपयोगी आहे. मालकाला मागे बसवा आणि पन्हाळा रस्त्याने वाघबीळचा चढ घ्या. निघताना इग्निशन ऑन केल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. लागलाच नाही तर बल्ब काढून ठेवल्याची शंका घ्या; विझला नाही तर सेन्सर किंवा त्याची वायर.

चढावर वरच्या गिअरला हळू चालत असताना एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तेवढीच पळाली, तर क्लच प्लेट घसरतायत. दोन माणसं आणि चढ असल्याशिवाय ही खोड उघड होत नाही, म्हणून तर एवढ्या लांब यायचं. उतरताना तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर सोडून द्या. गिअर उडी मारून न्यूट्रल झाला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तुम्ही दुसऱ्या गाडीवरून मागे राहा आणि मालकाला चालवू द्या. मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत चालतंय का, ते असंच दिसतं.

परत आल्यावर इंजिन गरम असताना बंद करून लगेच पुन्हा चालू करा. मग मल्टिमीटर लावा: बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. त्याच्या बरीच खाली राहिली तर बॅटरी चार्ज करणारे भाग, स्टेटर किंवा रेक्टिफायर, बघावे लागतील. जादा फॉग लाइट लावलेले असतील तर त्यांची वायर कुठून घेतलीय ते शोधा. मूळ वायरिंग कापून टेप गुंडाळलेली असेल तर पहिल्याच पावसात त्रास सुरू होतो.

कागदपत्रं

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः आरसी बुकाशी पडताळा. घासलेले किंवा पुन्हा ठोकलेले दिसले तर तिथून निघा. परिवहन विभागाच्या पोर्टलवर कर्जाचा बोजा, विमा, पीयूसी आणि ई-चलन बघून घ्या. थकलेली चलनं विकणाऱ्याने भरायची, हे आधी ठरवा. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एजंट त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. नुसत्या सह्या घेऊन फॉर्म घरी ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय, आणि दोघांसाठीही घातक आहे. अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात जाते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का, तेही बघा.

निपाणी, चिकोडी, बेळगाव इथल्या केए पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांच्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच ०९ चं नवं पासिंग हे सगळं धरून बेरीज करा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते. पंधरा वर्षं होत आलेल्या गाडीला पासिंगचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, म्हणून मुदत संपायला वर्षभर उरलेली गाडी त्या हिशोबाने मागा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्या. ती इथे लागते. मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की लांब उतारावर उकळतं आणि लिव्हर स्पंजासारखा दबतो. कोणत्या ग्रेडचं हवं ते ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

मग मिस्त्रीकडे अर्धा दिवस बसा आणि दोन्ही चाकांची बेअरिंग, स्विंग आर्मचे बुश आणि कोन सेट उघडून ग्रीस करून घ्या. बहुतेक गॅरेजमध्ये हे काम कुणी सांगितल्याशिवाय होत नाही, कारण वेळ जातो आणि बिल फुगत नाही. घाटाच्या गाडीला याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काम नाही. इलेक्ट्रिक कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वायरिंगच्या जोडांत पाणी शिरू न देणाऱ्या ग्रीसचा) पातळ हात द्या. बेअरिंगचे नंबर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कंपनीच्या पार्टची वाट न बघता चांगल्या मेकचं सीलबंद बेअरिंग बाजारातून आणता येतं.

निगा पावसाच्या कॅलेंडरवर

मॅन्युअलमधला किलोमीटरचा तक्ता पाळाच. पण गगनबावडा हा जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पावसाचा तालुका, आणि तिथे नेहमी जाणाऱ्या गाडीची खरी सर्व्हिस मे आणि ऑक्टोबरमध्ये होते.

मेअखेर टायर, ब्रेक पॅड, चेन किट बघून जे अर्धवट उरलंय ते बदला. उरलेले पॅड ओल्या चिखलात दगडावर घासल्यासारखे संपतात. केबलना वरून तेल सोडा. चासीच्या नळ्यांची उघडी टोकं, बोल्ट, स्पोकच्या निपल यांना मेणाचा किंवा गंजरोधकाचा फवारा द्या. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारून देतात. चकाकी छान येते, पण डिझेल रबरी बुश आणि सील फुगवतं. नको म्हणून सांगा.

जून ते सप्टेंबर, घाटातून आलं की त्याच दिवशी गाडी धुवायची. लाल माती वाळली की स्पोकच्या मुळाशी आणि चेनच्या कड्यांत ओलावा धरून बसते. साध्या पाइपचं पाणी पुरे. प्रेशरचा झोत हब, कोन सेट, स्विंग आर्म आणि मीटरवर मारलात तर तोच ग्रीस बाहेर ढकलून पाणी आत घालतो. धुतल्यावर पाच-दहा मिनिटं गाडी चालवून ब्रेक आणि इंजिन सुकवा. चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा. पेट्रोल वापरू नका, चेनच्या कड्यांतले रबरी ओ-रिंग कडक होतात. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा आणि जादाचं फडक्याने टिपा. चेनचा ढिलेपणा स्वतः बसून मोजा, कारण लांब सस्पेन्शनची गाडी बसल्यावर चेन ताणली जाते. स्टँडवर घट्ट केलेली चेन खड्ड्यात बेअरिंग ओढते.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याकडच्या उसापासूनचंच. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साठतं, गंज धरतो आणि जुन्या रबरी नळ्या चिरतात. आठवड्यातून एकदा तरी वीसेक किलोमीटर चालवा. कार्बोरेटरची गाडी असेल तर उभी करण्याआधी कार्बोरेटरच्या तळच्या वाटीचा, म्हणजे बाउलचा, ड्रेन स्क्रू सोडून तो रिकामा करा.

ऑक्टोबरमध्ये बेअरिंगचं ग्रीस पुन्हा, इंजिन ऑइल किलोमीटर न बघता, आणि स्पोक पुन्हा वाजवून. त्यानंतर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि शेताच्या तोंडाशी रस्त्यावर आलेला काळा चिखल हे घाटाइतकंच धोक्याचं, म्हणून हेडलाइटची काच आणि पुढचा टायर तेव्हाही सुस्थितीत हवेत.

सोबत २१ इंची पुढची ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, क्लचची केबल, चेनचं जोडकडं, फ्यूज आणि स्पोक पाना ठेवा. वाटेतल्या गावच्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब असेलच असं नाही. पठारांवर रुळलेल्या वाटेबाहेर गाडी घालू नका. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर वन खात्याच्या परवानगीशिवाय आतल्या रस्त्यांना शिरूच नका, दंडही होतो आणि गव्यांचा कळप समोर आला तर मागे वळायला जागा नसते.

पाण्यातून जाताना, आणि गाडी बुडाली तर

मांडुकलीजवळ किंवा केर्लीला रस्त्यावर नदीचं पाणी आलं असेल तर परत फिरा. खाली डांबर शिल्लक आहे की वाहून गेलंय ते वरून कळत नाही. घाटातला ओढा असेल तर आधी चालत जाऊन बघा. पाणी गुडघ्याच्या वर किंवा ओढ असलेलं असेल तर नाही. जायचंच ठरलं तर पहिल्या गिअरला, रेस सारखा ठेवून, क्लच न दाबता.

मध्येच बंद पडून एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं तर सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, इग्निशन बंद करा, एअर बॉक्स उघडून फिल्टर पिळा, प्लग काढा. मग गाडी वरच्या गिअरला ठेवून मागचं चाक हाताने फिरवा, म्हणजे सिलिंडरमधलं पाणी प्लगच्या भोकातून उडून जाईल. ते थांबल्यावर थोडा सेल्फ मारून बघा, प्लग पुसून बसवा, मग चालू करा. तेलाच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर गाडी चालवत घरी आणू नका, टेम्पोत घाला. ऑइल आणि फिल्टर बदलून दहा मिनिटं चालवा, पुन्हा ऑइल बदला, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर काच परत बघा. रंग अजून गढूळ असेल तर तिसऱ्यांदा बदला.